पंतप्रधान : बरोबरीच्यांतला पहिला की सर्वाधिकारी?

१७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. अटलबिहारी वाजपेयी यांचे तेरा महिन्यांचे सरकार एका मताने कोसळले. पर्यायी सरकार बनण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली आणि वाजपेयी काळजीवाहू पंतप्रधान म्हणून कारभार पाहू लागले. काही दिवसांतच कारगिलच्या शिखरांवरील घुसखोरी उघडकीस आली. मे ते जुलै हे तीन महिने देश युद्धाला तोंड देत होता आणि त्या युद्धाविषयीचे सारे राजकीय निर्णय लोकसभेचा विश्वास गमावलेले सरकार घेत होते. ऑक्टोबरमध्ये वाजपेयी पुन्हा बहुमताने त्याच पदावर आले.

एका मताने जाणारा पंतप्रधान आणि लोकसभा अस्तित्वात नसताना युद्धाचे निर्णय घेणारा पंतप्रधान ही एकाच पदाची दोन रूपे आहेत. हे पद इतके ठिसूळ आणि त्याच वेळी इतके बलाढ्य कसे, या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेच्या पानांत थोडे आणि गेल्या पाऊणशे वर्षांच्या राजकीय व्यवहारात अधिक सापडते.

घटना काय सांगते?

जगातील सर्वांत दीर्घ लिखित घटनांपैकी एक असलेल्या आपल्या राज्यघटनेने पंतप्रधानाविषयी फारच थोडे लिहून ठेवले आहे. राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी एक मंत्रिमंडळ असेल आणि पंतप्रधान त्याचा प्रमुख असेल, असे कलम ७४ सांगते. कलम ७५नुसार पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानाच्या सल्ल्याने होते. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, हे याच कलमातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य. मंत्रिमंडळाचे निर्णय राष्ट्रपतींना कळविण्याचे कर्तव्य कलम ७८ पंतप्रधानावर सोपविते. ढोबळमानाने एवढेच.

पंतप्रधान कोणाला नेमावे, बहुमत कसे अजमावावे, एका व्यक्तीने किती काळ या पदावर राहावे, याबाबत घटना मौन पाळते. पंतप्रधान लोकसभेचाच सदस्य असावा, अशीही अट नाही. इंदिरा गांधी १९६६ साली राज्यसभेच्या सदस्य असताना पंतप्रधान झाल्या. डॉ. मनमोहनसिंग यांनी दहा वर्षे राज्यसभेतूनच हे पद सांभाळले. १९९१ साली पी. व्ही. नरसिंह राव आणि १९९६ साली एच. डी. देवेगौडा यांनी शपथ घेतली तेव्हा ते संसदेच्या कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत सदस्यत्व मिळविले म्हणजे पुरे, ही मुभा पंतप्रधानालाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने देवेगौडांच्या प्रकरणात स्पष्ट केले.

अविश्वास ठराव हा शब्दप्रयोगही घटनेत नाही. तो लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम १९८मध्ये आहे आणि तो मांडून घेण्यासाठी किमान ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. लोकसभा विसर्जित झाल्यावर मंत्रिमंडळ कोणाला जबाबदार, असा प्रश्न १९७१ साली न्यायालयापुढे आला होता. सभागृह नसले तरी मंत्रिमंडळ असलेच पाहिजे, कारण त्याच्या सल्ल्यावाचून राष्ट्रपती कारभार करू शकत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. कारगिलच्या काळातील काळजीवाहू सरकार घटनात्मकदृष्ट्या याच पायावर उभे होते.

राष्ट्रपतींवर मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहे, हे मुळात संकेताने मानले जात होते. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते लेखी झाले. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा दिली. फेरविचारानंतर तोच सल्ला आला तर मात्र तो मानावाच लागतो.

कमानीतला मधला दगड

संसदीय पद्धत का स्वीकारली, याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत दिले होते. राज्यपद्धतीला स्थैर्य हवे आणि जबाबदारीही हवी, पण दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात साधणे कोणत्याही पद्धतीला जमलेले नाही. अमेरिकी अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, तर ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक. घटनेच्या मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकते माप दिले आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. अध्यक्षाचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो. पंतप्रधानाचा हिशेब प्रश्न, ठराव आणि चर्चा यांच्याद्वारे रोज होतो, हे त्यांना अभिप्रेत होते.

मात्र ही जबाबदारी सामुदायिक ठेवायची तर मंत्र्यांना एकत्र बांधणारे कोणीतरी हवे. त्यासाठी आंबेडकरांनी पंतप्रधानाला कमानीच्या मधल्या दगडाची उपमा दिली. त्याच्या शिफारशीशिवाय कोणी मंत्री होऊ नये आणि त्याला नको असलेला मंत्री पदावर राहू नये, एवढे अधिकार दिल्यावरच सामुदायिक जबाबदारी अमलात येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मधला दगड निखळला की कमान कोसळते हे खरे. पण नुसता मधला दगड म्हणजे कमान नव्हे, हेही तितकेच खरे.

या दोन सत्यांमधील ताण घटना अमलात येण्यापूर्वीच प्रकट झाला होता. डिसेंबर १९४७मध्ये अजमेर येथे दंगल झाली. पंडित नेहरूंना तेथे जाणे जमले नाही, म्हणून त्यांनी पाहणीसाठी आपल्या सचिवाला पाठविले. गृहखाते सरदार पटेल यांच्याकडे होते आणि त्यांना हे रुचले नाही. दोघांनी आपापली भूमिका लेखी टिपणांद्वारे महात्मा गांधींपुढे मांडली. धोरणांचा मेळ घालण्यासाठी पंतप्रधानाला योग्य वाटेल तेव्हा व तसे पाऊल उचलण्याचे स्वातंत्र्य हवे, असे नेहरूंचे म्हणणे. पंतप्रधान बरोबरीच्यांत पहिला खरा, पण सहकाऱ्यांच्या निर्णयांवर मात करण्याचा अधिकार त्याला नाही. तसे झाले तर मंत्रिमंडळाला अर्थच उरणार नाही, असे पटेलांचे उत्तर. हा वाद मिटण्यापूर्वीच ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. दोघे नेते एकत्र राहिले, प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

मुंबईचा प्रश्न आणि देशमुखांचा राजीनामा

मराठी माणसाला हा प्रश्न आठ वर्षांनी अगदी जवळून अनुभवावा लागला. राज्य पुनर्रचनेच्या धामधुमीत मुंबई शहर केंद्राच्या अखत्यारीत ठेवण्याचा निर्णय नेहरूंनी जाहीर केला. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिला. जुलै १९५६मध्ये लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी मुंबईवरील अन्यायाबरोबरच एक मूलभूत आक्षेप नोंदविला. इतका महत्त्वाचा निर्णय जाहीर होण्यापूर्वी मंत्रिमंडळापुढे विचारार्थ आलाच नाही, ही कार्यपद्धती घटनेला धरून नाही, असा तो आक्षेप होता. नेहरूंनी आरोप नाकारला आणि सरकारचे धोरण मांडण्याचा पंतप्रधानाला अधिकार आहे, अशी भूमिका घेतली.

संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात हा राजीनामा स्वाभिमानाचे प्रतीक म्हणून नोंदला गेला आणि ते योग्यच आहे. परंतु पंतप्रधानपदाच्या इतिहासातही त्याला स्वतंत्र स्थान आहे. मंत्रिमंडळाला वगळून घेतलेला निर्णय हा केवळ शिष्टाचाराचा भंग असतो की घटनेच्या आशयाचा, हा सवाल राजीनामा दिलेल्या एका मंत्र्याने भर लोकसभेत विचारला होता.

नेहरूंच्या काळात पंतप्रधानावर आणखी एक अंकुश होता, तो पक्षाचा. १९६२च्या चीन युद्धातील पीछेहाटीनंतर संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना दूर करण्याची मागणी काँग्रेसच्या खासदारांनीच लावून धरली. मेनन यांना पाठीशी घालण्याची नेहरूंची इच्छा टिकू शकली नाही आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावून घ्यावे लागले. ऑगस्ट १९६३मध्ये आचार्य कृपलानी यांनी लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव मांडला. तो फेटाळला गेला, पण सर्वशक्तिमान भासणाऱ्या पंतप्रधानालाही सभागृहात बसून टीका ऐकून घ्यावी लागते, याचा पायंडा पडला.

सचिवालयाचे कार्यालय, कार्यालयाचे केंद्र

पंतप्रधानाच्या हाती स्वतंत्र यंत्रणा असावी, ही कल्पना लालबहादूर शास्त्री यांच्या कारकिर्दीत आकाराला आली. १९६४ साली त्यांनी पंतप्रधान सचिवालय उभारून एल. के. झा यांना सचिव नेमले. प्रत्येक खात्याचा प्रस्ताव पंतप्रधानाच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांकडून तपासला जाऊ लागला. इंदिरा गांधींच्या काळात पी. एन. हक्सर यांच्या हाताखाली हे सचिवालय धोरणनिर्मितीचे केंद्र बनले. १९६८ साली ‘रॉ’ ही परदेशी हेरगिरी करणारी संघटना स्थापन होऊन पंतप्रधानाच्या देखरेखीखाली आली. १९७० साली सनदी अधिकाऱ्यांच्या नेमणुकांशी संबंधित खाते गृहमंत्रालयातून काढून पंतप्रधानांच्या अखत्यारीत आणले गेले.

जुलै १९६९मध्ये मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेऊन बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, नोव्हेंबरात काँग्रेस फुटली, तेव्हा ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आणि पक्षसंघटनेचा असे दोन्ही अंकुश एकाच वर्षात गळून पडले. त्याचा परिणाम २५ जून १९७५च्या रात्री दिसला. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही त्याच रात्री झाली. मंत्रिमंडळाची बैठक २६ जूनच्या सकाळी. केंद्र सरकारच्या १९६१च्या कामकाज नियमावलीतील नियम १२ पंतप्रधानाला आवश्यक वाटेल तेव्हा त्या नियमांना बगल देण्याची मुभा देतो. इंदिरा गांधींनी राष्ट्रपतींना लिहिलेल्या पत्रात याच नियमाचा आधार घेतला होता. कोट्यवधी नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित करणारा निर्णय मंत्र्यांना झाल्यावर कळला.

जनता राजवटीने यावर इलाज केला तो नेमका याच ठिकाणी. आणीबाणीचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने लेखी कळविल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करू नये, अशी तरतूद ४४व्या दुरुस्तीने कलम ३५२मध्ये घातली गेली. कॅबिनेट दर्जाच्या मंत्र्यांच्या मंडळाचा वेगळा उल्लेख घटनेत प्रथमच आला. पंतप्रधान म्हणजे मंत्रिमंडळ नव्हे, हे घटनेत लिहून ठेवण्याची वेळ यावी, यातच सारे आले. मोरारजींनी सचिवालयाचे नाव बदलून ‘पंतप्रधान कार्यालय’ केले. पण त्या यंत्रणेचा पुढील काळातील विस्तार नावाने थांबला नाही. १९९८ साली वाजपेयींनी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पद निर्माण केले. त्या पदावरील ब्रजेश मिश्रा पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते.

लोकसभेचा दरवाजा

१९७९ ते १९९९ या दोन दशकांत पंतप्रधानपदाचे दुसरे, ठिसूळ रूप ठळक झाले. जुलै १९७९मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी सरकारवर अविश्वास ठराव मांडला आणि जनता पक्षातील फाटाफुटीमुळे मतदानापूर्वीच मोरारजींनी राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी सरकार बनविण्यासाठी प्रथम चव्हाणांना पाचारण केले. आवश्यक संख्या जमू शकली नाही आणि ती संधी हुकली. चौधरी चरणसिंग पंतप्रधान झाले, चव्हाण उपपंतप्रधान. काँग्रेसने पाठिंबा काढून घेतल्यामुळे चरणसिंगांनी लोकसभेला सामोरे न जाताच २० ऑगस्टला राजीनामा दिला. तरीही काळजीवाहू म्हणून ते जानेवारी १९८०पर्यंत पदावर राहिले.

पुढे विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार नोव्हेंबर १९९०मध्ये विश्वासमत गमावून गेले. चंद्रशेखर यांनी साठेक खासदारांच्या बळावर आणि काँग्रेसच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर काही महिने कारभार केला. १९९६ साली वाजपेयींचे पहिले सरकार तेरा दिवसांत गेले, एप्रिल १९९७मध्ये देवेगौडांचे पडले आणि त्यांच्या जागी आलेल्या इंद्रकुमार गुजराल यांनाही वर्ष पुरे करता आले नाही. एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लोकसभेने अविश्वास ठराव मंजूर करून एकही केंद्र सरकार घालविलेले नाही. १९९०, १९९७ आणि १९९९ या तिन्ही वेळी सरकार स्वतः मागितलेल्या विश्वासमतात हरले.

या काळात आणखी एक गोष्ट दिसली. रामटेकमधून दोनदा निवडून गेलेले नरसिंह राव १९९१ साली अल्पमताच्या बळावर पंतप्रधान झाले आणि पाच वर्षे टिकले. आर्थिक उदारीकरणाचा निर्णय याच सरकारने घेतला. मात्र जुलै १९९३मधील अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला तो खासदारांना लाच दिल्याच्या आरोपांचे गालबोट लागूनच. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने लाच घेऊन मत देणाऱ्या खासदारांना संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण दिले होते. मार्च २०२४मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल रद्द ठरविला. लोकसभेचा विश्वास विकत घेण्याजोगा ठरला तर पंतप्रधानाची जबाबदारीही बाजारात जाते, हा त्या प्रकरणाचा धडा.

पक्षांतरबंदीची दुधारी तलवार

पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ साली राजीव गांधी सरकारने ५२वी घटनादुरुस्ती केली. पक्षादेश मोडून मत देणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व धोक्यात आले. पक्षातील एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मिळणारी सवलत २००३च्या ९१व्या दुरुस्तीने काढून टाकली. त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. घाऊक मंत्रिपदे वाटून बहुमत टिकविण्याच्या प्रथेला त्यामुळे लगाम बसला.

हे उपाय आवश्यक होते, पण त्यांची किंमतही मोजावी लागली. १९६२ साली मेनन यांच्याविरुद्ध उभे राहणाऱ्या खासदारांना सदस्यत्व जाण्याची भीती नव्हती. आज सत्ताधारी पक्षाच्या खासदाराने सरकारविरुद्ध मत देणे म्हणजे खासदारकीवर पाणी सोडणे होय. स्पष्ट बहुमताच्या पंतप्रधानाला स्वपक्षातून लोकसभेत धोका उरलेला नाही. २००३, २०१८ आणि २०२३ या तिन्ही वर्षी आलेले अविश्वास ठराव सरकारला जाब विचारण्यापुरते उपयोगी पडले. निकाल आधीच ठरलेला होता. आघाडी असेल तरच गणित बदलते. २००८ साली अणुकराराच्या प्रश्नावर डाव्या पक्षांनी पाठिंबा काढल्यावर डॉ. मनमोहनसिंग यांना विश्वासमत घ्यावे लागले आणि ते २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरले. २०१४ साली भाजपला २८२ आणि २०१९ साली ३०३ जागा मिळाल्या, तेव्हा नरेंद्र मोदी यांना मित्रपक्षांवर अवलंबून राहण्याची गरज नव्हती. २०२४मध्ये भाजप २४० जागांवर थांबला आणि मित्रपक्षांचे महत्त्व पुन्हा वाढले.

नियम १२ पुन्हा चर्चेत

मंत्रिमंडळाच्या आतला अंकुश किती सैल आहे, याची आठवण महाराष्ट्राला २३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटे झाली. राज्यातील राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठविण्यात आली आणि सकाळी मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकला. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता ही शिफारस झाली होती. आधार होता तोच नियम १२. मंत्रिमंडळाची संमती मागाहून घ्यावयाची होती. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश देताच ते सरकार चौथ्या दिवशी राजीनामा देऊन बाजूला झाले.

१९७५ आणि २०१९ या दोन घटनांचे गांभीर्य एका पारड्यात तोलता येणार नाही. एकीत नागरिकांचे हक्क गेले, दुसरीत एका राज्यातील सरकारस्थापनेची घाई झाली. साम्य कार्यपद्धतीत आहे. ४४व्या दुरुस्तीने आणीबाणीपुरता तो दरवाजा बंद केला. इतर निर्णयांसाठी तो उघडाच राहिला. खऱ्या तातडीच्या प्रसंगी अशा नियमाची गरज असते, हे मान्य करावे लागेल. पण तातडी आहे की नाही, हे ठरविणारा आणि तिचा लाभ घेणारा एकच असेल, तर मंत्रिमंडळ ही संमती नोंदविणारी संस्था होण्याचा धोका राहतो. पटेलांनी १९४८ साली व्यक्त केलेली आणि देशमुखांनी १९५६ साली बोलून दाखविलेली चिंता हीच होती.

स्थैर्यासाठी अनेक उपाय सुचविले गेले आहेत. जर्मनीत पर्यायी चॅन्सेलर निवडल्याशिवाय विद्यमान चॅन्सेलरला हटविता येत नाही. १९८२ साली हेल्मुट श्मिट यांना हटवून हेल्मुट कोल त्याच मार्गाने सत्तेवर आले. आपल्याकडेही विधी आयोगाने १९९९ साली आणि न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने २००२ साली तशा धर्तीच्या शिफारशी केल्या होत्या. त्या कागदावरच राहिल्या. मात्र या सूचनांचा रोख स्थैर्यावर आहे आणि स्थैर्याचा प्रश्न पक्षांतरबंदीने बराचसा सोडविला आहे. आंबेडकरांनी तराजूच्या ज्या पारड्यात अधिक वजन टाकले होते ते जबाबदारीचे पारडे हलके होत आहे का, हा आजचा प्रश्न आहे.

त्यासाठी नवी घटना नको. विश्वास आणि अविश्वासाचा ठराव वगळता इतर मतदानात खासदारांना पक्षादेशातून मोकळीक देणे, नियम १२चा वापर झाल्यास त्याची कारणे ठरावीक मुदतीत संसदेपुढे ठेवणे आणि पंतप्रधानाने सभागृहात नियमितपणे प्रश्नांना स्वतः उत्तरे देणे, एवढ्या सुधारणांनीही पुष्कळ साधेल. पंतप्रधान दुबळा असावा, असे घटनाकारांना वाटत नव्हते. त्याने आपल्या सामर्थ्याचा हिशेब मंत्रिमंडळाला आणि लोकसभेला द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. हा हिशेब मागितला जाईल की नाही, हे पंतप्रधानाच्या स्वभावापेक्षा आपण लोकसभेत पाठविलेल्या प्रतिनिधींच्या धैर्यावर अधिक अवलंबून आहे.